उलटा हात

"प्रणिता, थांब! हात उलटा कर!" चिखलीकर सर ओरडले. तिचा तळवा पॅनेलच्या पत्र्यापासून वीतभरच लांब होता.

"सर, मला उलटाच करायचाय," ती रडवेली होऊन म्हणाली, "पण हात ऐकत नाहीये."

सरांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. क्षणभराने तिचा तळवा पत्र्यावर टेकला.

आयटीआयत वायरमनचं कसब आता यंत्राचे हातमोजे घालून थेट पोरांच्या हातांत उतरवत; मग हात धड्याप्रमाणे आपोआप चालत. जुना धडा सरांच्याच हातांवरून घेतलेला. गेल्या महिन्यात तो नव्याने बांधताना इंजिनिअर बाईंनी विचारलं होतं, "पत्र्याला लावण्याआधी तुम्ही हात उलटा का करता?"

सरांना सांगताच येईना. चाळीस वर्षं हात आपोआप वळत आला होता. "खोड असेल. टाका काढून," म्हणत ते ओशाळं हसले होते.

कारण आत्ता आठवलं. करंट असला, तर उलटा हात झटक्यासरशी मागे येतो. तळवा लागला, तर मूठ आवळते आणि सुटत नाही.

"नवा धडा किती जणांना दिलाय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या राज्याला, सर. आज सकाळी," प्रणिता म्हणाली.

बाहेर कामावर निघालेली जीप सुरू झाली होती. तिच्यातली पोरं सरांना बघून हात हलवत होती. सगळे तळवे पुढे.