रेतीवरची माय

कोरोनात जिल्हाबंदी लागली अन् हिंगोलीची हद्द संपते तिथं नाका बसला. मायचं डायलिसिस पल्याड, वाशीमला. दोनदा मोटारसायकलवर घेऊन गेलो, दोन्ही वेळा नाक्यावरच्या पोलीस साहेबानं “पास कुठाय?” म्हणत कुत्र्यासारखं हाकललं. चोरट्या रेतीचे टिप्पर मात्र त्याच्या नाकासमोरून बिनधास्त जात होते.

तिसऱ्या दिवशी मायचं अंग सुजलं. टिप्परवाला उजैर म्हणाला, “मावशीला रेतीवर निजव, वरून ताडपत्री टाकू. माझी गाडी कोणी अडवत न्हाई.”

मी केबिनमध्ये बसलो. नाक्यावर साहेबानं नेमकी ताडपत्री उचलली. मायनं झोपल्या झोपल्या हात जोडले.



तो उजैरवर खेकसला, “उद्या माझ्या घराचा स्लॅब हाय, अन् तू त्या रेतीवर म्हातारी निजवून आणली काय रे?”