पंखावर पंख

परीक्षकांनी एका पंखावर दुसरा पंख ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलाशी वाकून कडा पाहिली. मग खेदानं मान हलवली.

"जुळत नाहीत, बाई."

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मालकिणीला वाटलं, साहेब गंमत करताहेत. पण ते गंमत करणाऱ्यांतले नव्हते. तीस वर्षं त्यांनी फरशीच्या कारखान्यात माल तपासला होता. एका फरशीवर दुसरी ठेवायची, कडेवरून बोट फिरवायचं. बोट अडलं की फरशी बाद. त्या बोटाचा दरारा एवढा, की निवृत्तीनंतर विमानवाल्यांच्या संघटनेनं त्यांना मानानं बोलावून घेतलं.

विमानं म्हणजे रिमोटवर उडणारी, हातभर लांबीची. घेणाऱ्याला ती सुट्या भागांत मिळतात. पंख तयार, शेपूट तयार, वरची रंगीत फिल्म इस्त्रीनं बसवलेली. घरी नेऊन मोटर जोडायची, स्क्रू पिळायचे, की झालं. या प्रकाराला 'जवळजवळ तयार' म्हणतात. मालकीण आणि तिची नणंद दोन खोल्यांत तीन बायका हाताशी घेऊन तीच बनवत. आजच्या स्पर्धेत पहिलं येणाऱ्या विमानालाच शहरातलं एक मोठं दुकान जागा देणार होतं. नाहीतर पुढच्या महिन्यापासून दोन्ही खोल्यांना कुलूप. त्या तीन बायकांना हे अजून सांगितलेलं नव्हतं.

सकाळपासून मात्र सगळं छान चाललं होतं. परीक्षकांनी खोका कानाशी धरून हलवला. आत काही खुळखुळलं नाही. स्क्रू दोनदा मोजले. विजेरी लावून फिल्मवरच्या सुरकुत्या शोधल्या, आणि न सापडल्यामुळे जरा हिरमुसले. शेवटी दोन विमानं उरली. एक मालकिणीचं, एक मोठ्या कंपनीचं. दोन्हींना नव्वद मार्क.

उडवण्याला मार्क नव्हते. मालकिणीनं सकाळीच हळू आवाजात विचारलं होतं, "साहेब, एकदा उडवून बघायचं का?"

"उडवायचं तर जोडावं लागेल," साहेब म्हणाले होते. "आणि जोडलं, की ते तयार झालं. आपली स्पर्धा जवळजवळ तयार विमानांची आहे. तयार विमान इथं बसत नाही."

तिनं स्वतः ते महिनाभरात तीस वेळा उडवून पाहिलं होतं. पण ते कुठं बोलायचं नाही, असं नणंदेनं दटावून ठेवलं होतं. वापरलेला माल म्हणून पाच मार्क कापले असते.

आता बरोबरी फोडायला साहेबांनी आपली जुनी, खात्रीची कसोटी काढली होती. कंपनीचे पंख त्यांनी एकावर एक ठेवले. टोकाला टोक, कडेला कड. बोट सर्रकन फिरलं. एकच पंख आहे की काय, असं वाटावं इतके ते सारखे. प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. कंपनीचा माणूस तेवढा घाम पुसत राहिला. मालकिणीच्या पंखांचं मात्र भलतंच. एकाची फुगीर कड पुढं, तर दुसऱ्याची मागं.

"साहेब, ते असे जुळायचेच नाहीत," ती म्हणाली. "एक डावा आहे, एक उजवा." तिनं आपला एक हात टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर दुसराही पालथाच ठेवला. एक अंगठा इकडं, एक तिकडं. "हे बघा. आपले हातसुद्धा असेच."

परीक्षकांनी तिच्या हातांकडं नीट पाहिलं. माणूस न्यायी होता.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण हात कोणी तपासून पाठवत नाही. दर्जा म्हणजे सारखेपणा, बाई. तुमचा एक पंख उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त दुसरा त्याच्यासारखा करायला शिका."

त्यांनी तिच्या कागदावर नीटस अक्षरात लिहिलं : 'पंखांत तफावत.' उजव्या पंखावर एक लाल चिठ्ठी चिकटवली : 'नापास.' मग कंपनीच्या माणसाला पुढं बोलावून त्याच्या हाती प्रमाणपत्र दिलं, त्याचा फोटो काढला, आणि सगळे चहाला गेले.

हॉल रिकामा झाला. नणंदेनं इतका वेळ दाबून ठेवलेलं तोंड उघडलं.

"वहिनी, त्या माणसाच्या पायांत दोन्ही बूट एकाच पायाचे घालायला हवेत. मग कळेल सारखेपणा!"

"असू दे गं. त्यांच्या परीनं त्यांनी चोखच तपासलं."

"तुमचं हे असू दे, असू दे! त्या तिघींना काय सांगणार उद्या?"

मालकिणीनं शेपूट कागदात गुंडाळलं, चाकं पुडीत घातली. लाल चिठ्ठीचा पंख तिनं क्षणभर मांडीवर घेतला. फिल्म फाटेल म्हणून चिठ्ठी तशीच राहू दिली.

दारात पावलं वाजली. कंपनीचा माणूस एकटाच परत आला होता. काखेत प्रमाणपत्र, चेहरा मात्र दंड भरून आल्यासारखा. त्यानं मागं वळून हॉलमध्ये दुसरं कोणी नाही ना, हे पाहिलं आणि टेबलाशी येऊन आवाज खाली आणला.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारू? आमच्याकडं चारशे खोके सीलबंद तयार आहेत."

"मग अभिनंदन," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली.

त्यानं तिच्या मांडीवरच्या पंखाकडं बोट केलं.

"आमच्या मापाचे, असेच नापास, चारशे करून द्याल?"