सव्वीस जानेवारीची पाळी

फोन रंगनाथ सरांचा होता. गावच्या शाळेत तीस वर्षं ओरडून शिकवल्यामुळे सरांना फोनवरही हळू बोलता येत नसे. पंपांच्या घरघरीतही त्यांचा आवाज खोलीतल्या चौघांना स्वच्छ ऐकू आला.

"शेफाली, सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेत झेंडा तू फडकवायचा!"

शेफालीला वाटलं, सर थट्टा करत असावेत. खडकवासल्याच्या अलीकडचं तिचं गाव महापालिकेत गेलं, तशी सरपंचाची खुर्चीही गेली. तेव्हापासून झेंडा कुणी फडकवायचा यावरून गावात दोन गट पडले होते. एक माजी सरपंच हिंमतरावांचा, दुसरा त्यांच्याच चुलतभावाचा.

"मी कशी काय, सर?"

"सरकारी नोकरीतलं माणूस हवं, ह्याच शाळेत शिकलेलं हवं, अन् कुठल्याच गटातलं नको. सगळा गाव चाळला. तू एकटी निघालीस!"

ती खुदकन हसली. मग तिची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. सव्वीस जानेवारी, सकाळी सहा ते दोन. पुढे नाव तिचंच होतं.

"कळवते, सर," म्हणून तिनं फोन ठेवला.

शहराला पाणी चढवणारे पंप सणवार ओळखत नाहीत. त्यांच्यापाशी कुणाला तरी थांबावंच लागतं. पण ते चौघं एकमेकांचे सणवार ओळखून होते. दिवाळीत अस्लम शिकलगार आणि डॅनियल साळवे पाळ्या वाटून घेत. ईदला नागोराव थांबत, नाताळला शेफाली. नोकरीला लागून दोन वर्षं झाली, पण दिवाळीत तिला एकदाही कामावर यावं लागलं नव्हतं. आता आणखी एक सुट्टी कुठल्या तोंडानं मागायची?

ती टाकीची पातळी बघायला उठली.

"गप का बसायलीस?" नागोरावांनी विचारलं. पाळ्या तेच लावत. पुण्यात येऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण बोलणं अजून नांदेडचंच होतं. "सरांना हो म्हणून सांग की."

"माझी पाळी आहे ना."

"मग बदलून माग."

"कुणाला मागू? ईद नाही, नाताळ नाही. त्या दिवशी सुट्टी सगळ्यांनाच हवीय."

ते खरंच होतं. अस्लमचा मुलगा शाळेच्या बँडमध्ये पहिल्यांदाच ड्रम वाजवणार होता. डॅनियलचे वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांचा खडकीच्या वसाहतीत सत्कार होता. नागोरावांना कुठंच जायचं नव्हतं. पण सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपायचं, हे व्रत त्यांनी आजवर मोडलं नव्हतं.

"वर्षात हा अन् पंधरा ऑगस्ट, दोनच दिवस असे," अस्लम म्हणाला, "की कुणासाठी कुणी थांबायचं तेच कळत नाही. सगळ्यांचाच सण."

"सगळ्यांचा ना?" नागोराव म्हणाले. "मग सगळेच या."

तिघं हसली. नागोराव हसले नाहीत. त्यांनी तक्ता भिंतीवरून उतरवला आणि मांडीवर घेतला.

"अस्लम, पोराचा बँड किती वाजता?"

"साडेआठला."

"सहा ते आठ तू. डॅनियल?"

"सत्कार दहाला आहे. नऊला निघालो तरी पोचतो."

"आठ ते नऊ तू. शेफाली, तुझा झेंडा?"

"साडेसातला," ती म्हणाली. "दहाला मी इथं असेन. नक्की."

"म्हणजे राहिले नऊ ते दहा." नागोरावांनी तक्त्याकडे पाहून मोठा सुस्कारा टाकला आणि तिथं आपलं नाव घातलं.

"एका पाळीत चार नावं कशी, असं साहेब विचारतील," डॅनियल म्हणाला.

"विचारू दे. देश मोठा आहे म्हणावं, चौघं लागतात."

सव्वीस जानेवारीला शाळेचं पटांगण भरलं होतं. एका बाजूला हिंमतरावांचा गट, दुसऱ्या बाजूला चुलतभावाचा. मध्ये पोरं. बायकांच्या रांगेत शेफालीची आई, मथुराबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. शेफालीनं दोरी ओढली. झेंड्याची गाठ सुटेना. तिनं पुन्हा ओढली. वर नुसतीच पुरचुंडी हलली. रंगनाथ सरांच्या कपाळावर भर थंडीत घाम आला.

"जोरात ओढ, पोरी!" हिंमतराव ओरडले.

"आरं, जोरात नगं! हळू ओढ, हळू!" पलीकडून चुलतभाऊ.

"जोरात!"

"हळू!"

पोरं खिदळायला लागली. शेफालीनं दोघांचंही ऐकलं नाही. अडकलेल्या व्हॉल्व्हशी कुस्ती खेळायची नसते, एवढं तिला दोन वर्षांत कळलं होतं. तिनं दोरी सैल सोडली, किंचित डावीउजवीकडे हलवली आणि मग एकच अलगद हिसका दिला.

झेंडा उलगडला. आत बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या वाऱ्यानं दोन्हीकडे उडाल्या आणि दोन्ही गटांच्या टोप्यांवर सारख्याच पडल्या. त्याच क्षणी पोरांनी राष्ट्रगीत धरलं. सगळे ताठ उभे राहिले. मथुराबाईला सलाम ठोकता येत नव्हता. तिनं हात जोडले. ती झेंड्याकडे कमी आणि लेकीकडेच जास्त बघत होती.

राष्ट्रगीत संपलं. लोक अंगावरच्या पाकळ्या झटकू लागले. चुलतभावानं हिंमतरावांच्या टोपीकडे बोट दाखवलं.

"दादा, फुलं."

"असू दे," हिंमतराव म्हणाले, आणि टोपी जराही कलू न देता घराकडे चालू लागले.