प्रार्थनेचं पान

"ही प्रार्थना रोज होते?" राजाच्या अधिकाऱ्यानं शाळेच्या नियमांच्या वहीवर बोट ठेवलं, तशी म्हाताऱ्या लोकरव्यापाऱ्यानं मान डोलावली.

ऐन वादळात त्यानं लोकरीचं जहाज हाकारायला लावलं होतं आणि अकरा खलाशी बुडाले होते. मेल्यावर त्या पापाची आग आपल्याला जाळणार, या धास्तीनंच त्यानं इंग्लंडमधल्या आपल्या गावात ही शाळा काढली. अट एकच: मुलांनी रोज सकाळी गुडघे टेकून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, तो गेल्यानंतर तर चुकवायचीच नाही.

नव्या राजानं मात्र जुन्या पंथाची प्रथा म्हणून मेलेल्यांसाठी प्रार्थना करायलाच बंदी घातली होती. "उद्या एका पोराच्या तोंडून जरी ऐकली, तर शाळेला टाळं," अधिकारी म्हणाला.

आतून पाठांतराचा गलका येत होता. व्यापाऱ्यानं वहीतलं ते पान फाडलं. "नाही ऐकू येणार."

अधिकारी गेल्यावर तो गुडघ्यांवर बसला. स्वतःसाठी काही मागायची छाती होईना. वाटलं, निदान त्या खलाशांसाठी तरी मागावं. नावं घ्यायला त्यानं तोंड उघडलं, पण एकही नाव ओठांवर येईना. अकरांपैकी एकाचंही नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं.