शोभेल तेवढी चमक

बंपर अजून चमकत होता.

वीतभर लांबीची ती गाडी खिडकीतल्या फळीवर उभी होती. तिच्या नखाएवढ्या बंपरमध्ये ट्यूबलाइट, पंखा आणि कप घेऊन उभी असलेली बायको असं सगळं घर मावलं होतं.

"मी केवढी जाडी दिसतेय त्यात," बायको म्हणाली.

"तू दिसतेयस, तीच तर अडचण आहे. बाजूला हो."

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. आठवडाभर लोकांच्या काचा लख्ख करायच्या आणि रविवारी सकाळी खेळण्यातल्या गाडीची लकाकी घालवायची, असं त्याचं चाललं होतं.

खरी गाडी वडिलांची. चार महिन्यांपूर्वी वडील जिन्यावरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर ताईने त्यांना आपल्या गावी, घराजवळच्या उपचार केंद्रात नेलं. जिन्यातला बल्ब गेला होता आणि तो बदलायचं काम याने दोन आठवडे पुढं ढकललं होतं. त्यावर घरात कोणी एक शब्दही काढला नाही. त्यामुळे त्याला तो शब्द रोज ऐकू यायचा. जेवण सुटलं, झोप उडाली. ताई फोनवर विचारायची, "अरे, तू नीट खातोस ना?"

तिकडे वडील व्यायामाला तयार होईनात. मग ताईने निरोप दिला, "गाडीचा फोटो पाठव. गाडी बघितली की चालेन म्हणतात."

त्याने गाडी गॅरेजबाहेर उतारावर काढली. ऊन छान पडलं होतं. एक फोटो घेतला. दुसऱ्यासाठी दोन पावलं मागे सरकला, तेवढ्यात गाडी फोटोतून निघून चालली. हँडब्रेक ओढायचा राहिला होता. ती अगदी सावकाश, वडील चालवायचे त्याच वेगाने, उतार उतरली आणि पंपहाउसच्या भिंतीत शिरली. भंगारवाल्याने ती दोन खेपांत नेली.

तो पहिला फोटो बघून वडील सहा पावलं चालले, असं ताईने कळवलं. पुढच्या रविवारी ताईने नवा फोटो मागितला.

तेव्हापासून ही गाडी. तेच मॉडेल, तोच निळा रंग, अठरापट लहान. समोर ट्रेमध्ये चाळलेली माती, मागे खिडकीबाहेरचा खरा रस्ता. मोबाइल अगदी खाली धरला की गाडी हुबेहूब रस्त्यावर उभी दिसायची. फसायचं ते क्रोमपाशी. गेल्या रविवारी वडिलांचा फोन आला होता.

"बंपरला काय फासलंस रे?"

"काही नाही बाबा. पुसला फक्त."

"पुसून असा चमकत नाही तो. हे बघ, तिचं वय झालंय. तिला शोभेल तेवढंच चमकू दे."

म्हणून आज त्याने जय्यत तयारी केली होती. आधी मॅट वार्निशचा पातळ हात दिला. बंपर एकदम जर्मनच्या पातेल्यासारखा निस्तेज झाला. सगळं पुसून पुन्हा सुरुवात. यावेळी पेन्सिलीचं शिसं किसून त्याची पूड कापसाच्या काडीने चोळली, आणि कडा तेवढ्या मोकळ्या सोडल्या. जिथे माणसाचा हात लागतो तिथे गाडी चमकते, बाकी ठिकाणी थकते. हे त्याला आजवर कोणी शिकवलं नव्हतं. वडिलांची गाडी डोळ्यांसमोर आणली की आपोआप कळायचं.

बंपरमधून पंखा गेला. ट्यूबलाइट गेली. बायकोही गेली.

"सुटले बाई," बायको म्हणाली. "आता सांगणार कधी त्यांना?"

"पाय पक्के झाले की."

"पाय पक्के झाले की ते स्वतःच गॅरेजमध्ये जातील."

त्याने ट्रेमधली माती सारखी केली. ताई दर रविवारी बदल्यात वडिलांचा फोटो पाठवायची. आधी पलंगावर बसलेले, मग वॉकर धरलेले, मग एका काठीवर. प्रत्येक फोटो बघून तो दोन घास जास्त जेवायचा, आणि मग गॅरेजचं कुलूप नीट लागलंय का ते बघून यायचा.

त्याने फोटो काढला, पाठवला आणि नखं खात बसला.

दहा मिनिटांनी ताईचा निरोप आला, "खूश झाले. म्हणाले, आता कशी आपली गाडी वाटते. आणि हे बघ!"

फोटोत वडील उभे होते. वॉकर नाही, काठी नाही. कमरेपर्यंतचा फोटो, दोन्ही हात वर, चेहऱ्यावर हे एवढं हसू. खाली ताईने लिहिलं होतं, "कोणाचाही आधार नाही! आता तरी पोटभर जेव."

"अगं बाई!" बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "महिन्याभरात येतील बघ घरी."

तो हसला. मग घाबरला. मग सवयीने फोटो मोठा करत गेला. वडिलांच्या मागे कट्ट्यावर स्टीलची किटली होती. नवी कोरी, गोल पोटाची. तिच्या पोटात ती सगळी खोली मावली होती. खिडकी, मोबाइल धरलेली ताई, बाजूला रिकामी व्हीलचेअर. आणि वडिलांच्या पाठीशी जमिनीवर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्यांची कंबर पेलून धरलेले भाऊजी आणि एक वॉर्डबॉय.

त्याने फोटो पुन्हा लहान केला. बायकोने विचारलं, "काय रे?"

"काही नाही. छान आलाय फोटो."

मग त्याने ताईला लिहिलं, "पोटभर जेवतो. बाबांना म्हणावं, झकास उभे राहिलात. आणि ताई, पुढच्या वेळी मागच्या किटलीवर टॉवेल टाक."