शीर सापडेना

शीर काही सापडेना. आजींच्या कोपराच्या वर रबरी पट्टी आवळून सिस्टर मघापासून त्यांचा हात चाचपत होती. एरवी बोट टेकवलं की बोटाखाली शीर हळूच उसळायची. आज सगळा हात सपाट. दोनदा सुई घातली, दोन्ही वेळा फुकट गेली आणि हात मात्र काळानिळा झाला.

आजींचा हात म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. शिरा दोऱ्यासारख्या बारीक, त्याही पळपुट्या. म्हणूनच तर भरती झाल्या की आजी पहिल्यांदा विचारायच्या, ती हलक्या हाताची कुठाय? तिच्याशिवाय कुणाला सुई लावू द्यायच्या नाहीत. डॉक्टर बिचारे हसून बाजूला व्हायचे.

"आज काय झालंय गं तुला?" आजींनी विचारलं. चिडून विचारलं असतं तर परवडलं असतं.

सिस्टरने पुन्हा बोट टेकवलं. बोट होतं, कातडी होती, पण मधे कुणीतरी पुठ्ठा सरकवल्यासारखं वाटत होतं. तिने डावं बोट लावून पाहिलं. त्याला काहीतरी उसळल्याचं जाणवलं, पण शीर शोधायची सवय सगळी उजव्याला. नेमकी कुठे, ते डाव्याला सांगता येईना.

काय झालंय ते तिला चांगलं ठाऊक होतं. याच वॉर्डात, औषधांच्या कपाटाला टेकवून, एका पेशंटच्या भावाने तिचा गळा धरला होता. वॉर्ड माणसांनी भरलेला, पण एक मायेचा पूत जागचा हलला नाही. वॉचमन उगवला तो सगळं आटोपल्यावर, आणि वर तिलाच शिकवून गेला की नातेवाइकांशी जरा गोड बोलत जा. त्याच आठवड्यात तिने कुंग फूच्या क्लासला नाव घातलं. बोटांनी वार करायचा तर आधी बोटं घडवावी लागतात, असं तिथल्या सरांचं म्हणणं. आधी उजवा हात पक्का करायचा. बादलीभर कोरड्या वाटाण्यांत बोटं खुपसायची, मग वाळूत, मग खडीत. बोटं सोलवटली, सुजली, शेवटी टोकांना घट्टे पडले. घट्टे पडले तेव्हा तिला कोण आनंद झाला होता. हॉस्पिटलच्या मागच्या अंधाऱ्या जिन्यावरूनसुद्धा ती आता ताठ मानेने उतरायची.

शेवटी तिने आजींच्या हातापुढे हात टेकले आणि शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारली. ती आली, एकदा चाचपलं, सुई आत. सलाईन सुरूही झालं.

"बारीक आहे, पण बोटाला लागते की," जाता जाता ती म्हणाली.

सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली. पण चिडायचं कुणावर? त्या भावावर, वॉचमनवर, की स्वतःच्याच बोटांवर? आजींनी डोळे मिटून घेतले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "उद्या तिलाच पाठव हं, बाळा."

संध्याकाळी क्लासमध्ये तिने खडीच्या बादलीत असे काही सपासप वार केले की बाकीचे आपापली बादली सोडून बघत राहिले. सर जवळ आले. तिचा उजवा हात हातात घेऊन त्यांनी एकेका बोटाच्या टोकात नख रुतवून पाहिलं.

"लागतंय?"

"नाही."

"काहीच कळत नाही?"

"काहीच नाही, सर."

"शाब्बास." सर मनापासून खूश झाले. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून तिची बोटं दाखवली, याला म्हणतात मेहनत, असंही सुनावलं. मग सुरुवातीची वाटाण्यांची बादली पायाने तिच्यापुढे सरकवली. "चल, आता डावा हात आण. आजपासून त्याला तयार करू."

तिने डावा हात पाठीमागे नेला.

सरांनी पुन्हा मागितला. तिने तो दिला नाही.