आईकडे जाणारी जीप

आईचं घर डोंगरावर होतं आणि शेवटचा चढ म्हणजे नुसते दगडधोंडे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला तो पायी चढवेना आणि साधी गाडी वर जाईना. म्हणून त्याने स्वस्तात मिळाली तशी एक जुनी फोर-व्हील जीप घेतली.

क्लच बदलला तर रेडिएटर गळायला लागला, रेडिएटर बसवला तर ब्रेक लागेनात. मेकॅनिक दर वेळी हात पुसत म्हणायचा, "एवढं झालं की झालंच बघा, साहेब." बायकोने तर विचारणंच सोडलं होतं. एकदा त्याने वैतागून पाना कुंपणापलीकडे भिरकावला आणि मग स्वतःच लंगडत शोधत बसला.

आईला मात्र तो फोनवर हसत सांगायचा, "होतच आलीय गं. झाली की पहिली तुझ्याकडेच."

"होऊ दे सावकाश," ती म्हणायची. "मी कुठे पळून चाललेय?"

वर्षभराने जीप एकदाची धड चालू लागली. बायकोला शेजारी बसवून तो निघाला. चढ आला तसा त्याने ओठ आवळून फोर-व्हीलचा दांडा ओढला. पण समोर गुळगुळीत डांबरी रस्ता होता आणि वर, आईच्या दारासमोर, एक बस वळत होती.

"हा रस्ता कधी झाला?" त्याने उतरता उतरता विचारलं.



"झाले की सहा महिने," आई म्हणाली. "तू इतक्या हौसेने जीप नीट करत होतास, मग मला सांगवेना."